जैतच्या पुढचा शब्द

२०२४ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून एका मुलीचा फोन आला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी नुकतीच येऊन गेली होती. ती एम.ए.च्या प्रबंधासाठी तानपुऱ्याच्या घडणीवर काम करत होती. तिच्या सरांना आठवत होतं की २००३ मध्ये आमच्या इंटरनेटवरच्या मासिकात या विषयावर चार भागांची लेखमाला आली होती आणि सतारमेकर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराची मोठी मुलाखतही होती. तो कारागीर आता नाही. "ताई, ते लेख कुठे वाचायला मिळतील?" असं तिनं विचारलं.

ती लेखमाला मीच संपादित केली होती. मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यापासून सुरुवात करून, तुनाच्या लाकडाच्या दांडीवरून शेवटच्या भागात जवारीपर्यंत, म्हणजे तारेला गुंजता स्वर देणाऱ्या घोडीच्या घासणीपर्यंत ती येत होती. घोडीचा माथा किती घासायचा, तारेखाली दोरा कुठे सरकवला की स्वर उघडतो, हे त्या कारागिरानं स्वतःच्या शब्दांत सांगितलं होतं. मला त्यातली वाक्यं आठवत होती, पण लेख माझ्याकडे नव्हता. मासिक २०१३ मध्ये बंद पडलं आणि बंद पडलं तेव्हा सगळंच गेलं. मी तिला "शोधते" म्हणाले, फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

या शोधाला पुढे दीड वर्ष लागलं. एखादं मासिक परत गोळा करताना काय काय करावं लागतं ते लिहून ठेवते आहे, कारण आमच्यासारखी कितीतरी लहान प्रकाशनं याच वाटेनं गेली आहेत आणि त्यांतलं कोणीतरी आत्ता माझ्यासारखंच बसलेलं असेल.

आधी मासिकाबद्दल सांगते. सुरुवात १९९९ च्या गुढीपाडव्याला झाली. मी तेव्हा नारायण पेठेत डीटीपीचं काम करायचे. माझा मावसभाऊ संगणकातला होता, आणि तिसरे होते आमचे बँकवाले काका. काका बँकेत कारकून होते आणि पुण्यात, मिरजेत, कोल्हापुरात, जमलं तर धारवाडलाही जाऊन गाणं ऐकायचे. त्यांच्याकडे वह्या होत्या. प्रत्येक बैठकीची तारीख, जागा, गाणाऱ्याचं नाव, साथीला कोण, तानपुरा कोणत्या पट्टीत, काळी एक की पांढरी पाच, कोणता राग, कोणती बंदिश, ताल कोणता, विलंबित साधारण किती वेळ चाललं, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. मोठ्या महोत्सवांच्या बातम्या वर्तमानपत्रात यायच्या. 'संगीत कला विहार'सारखं मासिक १९४७ पासून शास्त्राची बाजू सांभाळत होतं. पण एखाद्याच्या दिवाणखान्यात चाळीस माणसांसमोर झालेल्या बैठकीत काय गायलं गेलं, याची नोंद कुठेच होत नव्हती. काकांच्या वहीत होत होती. मावसभाऊ म्हणाला, "काका, हे तुमच्या कपाटात राहून काय उपयोग?" तिथून मासिक सुरू झालं.

जिओसिटीज या संकेतस्थळावर कोणालाही स्वतःची पानं ठेवायला जागा फुकट मिळायची. तिथे विषयवार वस्त्या होत्या, त्यांत शास्त्रीय संगीताची वस्ती 'व्हिएन्ना' नावाची. म्हणजे किराणा आणि जयपूर घराण्याच्या बैठकींचं मराठी मासिक व्हिएन्नात राहायला गेलं. काकांना ते फार आवडलं होतं. पान चाळीस केबीच्या आत ठेवायचं हा आमचा नियम होता, कारण वाचणारे बहुतेक सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचे. मराठी दिसावं म्हणून आधी फॉन्ट उतरवून घ्या, असं पहिल्याच पानावर रोमन लिपीत लिहावं लागे.

पहिली तीन वर्षं आम्ही दरमहा अंक काढला, नंतर दोन महिन्यांनी, आणि २००९ नंतर वर्षाला जेमतेम तीन. एकूण ९१ अंक झाले. सदतीस जणांनी त्यात लिहिलं. पैसे कोणालाच मिळाले नाहीत आणि जाहिरात आम्ही कधी घेतली नाही.

या सगळ्या वर्षांत आमचा सर्वांत जास्त वाचला गेलेला अंक २००५ चा. त्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम पक्का केला. झोपणाऱ्याचा हक्क मोठा आहे, त्याबद्दल आमच्यात कोणाचं दुमत नव्हतं. पण सवाई गंधर्व महोत्सव ज्यांनी रमणबागेत रात्रभर घोंगडीवर बसून ऐकला होता, त्यांच्यासाठी रात्रीचे शेवटचे दोन प्रहर मैफलीतून गेले. काकांनी आपल्या वह्या उघडून एक यादी केली: मध्यरात्रीनंतर आणि पहाटे त्यांनी ऐकलेले राग, कोणी गायले, कोणत्या वर्षी. दरबारी, अडाणा, सोहनी, ललत, भटियार. शेवटी सकाळी पंडित भीमसेन जोशी आणि त्यानंतर सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका. यादीखाली त्यांनी काही मत लिहिलं नव्हतं. तारखा आणि राग एवढंच. मला आजही वाटतं की आमच्या मासिकाचं सगळ्यांत मोलाचं पान ते होतं.

बंद कसं पडलं ते थोडक्यात सांगते. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं, पण त्याच्या आधीच, २००२ मध्ये, आम्ही स्वतःचं डोमेन घेतलं होतं. त्याच्या नूतनीकरणाची पत्रं मावसभावाच्या जुन्या ईमेलवर यायची. २०१३ मध्ये तो तीन महिने अंथरुणाला खिळून होता. मुदत गेली. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आमची पानं होती तिनं खातं बंद करून सगळं पुसलं, आणि आम्ही विचारलं तेव्हा बॅकअप ठेवत नाही असं उत्तर आलं. डोमेन दुसऱ्या कोणीतरी उचललं. आज त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती आहेत, म्हणून मासिकाचं नाव इथे लिहीत नाही. काका त्याआधीच, २०११ च्या पावसाळ्यात गेले होते. आमच्यात पुन्हा उभं करण्याचं बळ उरलं नव्हतं, हे खरं.

तर २०२४. मी कपाटातून सीडी काढल्या. २३ निघाल्या. त्यांवर स्केच पेननं माझ्याच अक्षरात अंकांचे क्रमांक होते. सीडीवर एकदा लिहिलं की कायमचं राहिलं, असं आम्ही धरून चाललो होतो. घरी जाळलेल्या सीडीत माहिती रंगाच्या एका पातळ थरात असते आणि तो थर वर्षांनुवर्षांच्या दमटपणानं आणि उजेडानं उतरत जातो. नऊ सीडी नीट वाचता आल्या. सहा अर्धवट. आठ पूर्ण गेल्या होत्या, उजेडात धरल्या तर पलीकडचं दिसत होतं. अर्धवट सीडींसाठी भाच्यानं डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम लावून दिला. तो आधी सीडीवरचं सोपं सोपं उचलून घेतो आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा परतून येतो. एक सीडी सलग दोन दिवस फिरत होती. मी स्वयंपाक करता करता तिचा आवाज ऐकायचे. शेवटी तिच्यातून १२ लेख आले.

त्याच सुमाराला, जूनमध्ये, अमेरिकेत एमटीव्ही न्यूजचा संगीतविषयक लेखांचा संग्रह मालकांनी एका दिवसात काढून टाकल्याची बातमी वाचली. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाखती एकदम दिसेनाशा झाल्या. त्याच वर्षी जानेवारीत पिचफोर्क या इंटरनेटवरच्या संगीत मासिकाचं ऐकलं होतं. रायन श्रायबर नावाच्या मुलानं १९९६ मध्ये मिनेसोटात घरी बसून सुरू केलेलं, पुढे शिकागोला जाऊन जगभर वाचलं गेलेलं, २०१५ मध्ये एका बड्या प्रकाशनगृहानं विकत घेतलेलं मासिक; ते आता पुरुषांच्या फॅशनच्या एका मासिकात मिसळण्यात आलं होतं. ती गाणी माझी नाहीत, पण त्या लेखकांना काय वाटलं असेल ते मला कळत होतं. उलट न्यूयॉर्कच्या जेसन ग्रॉसनं १९९३ मध्ये सुरू केलेलं तसंच एक मासिक, 'परफेक्ट साउंड फॉरेव्हर', मात्र आपल्या जुन्या साध्या पानांसह टिकून आहे. मी ते मुद्दाम उघडून पाहिलं. नुसता मजकूर आणि दुवे, बाकी काही नाही. आमची नवी पानंही अशीच असावीत हे मी तेव्हाच ठरवलं.

सीडीवर नसलेल्या अंकांसाठी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनकडे वळले. तिथे जुना पत्ता टाकला की वेगवेगळ्या तारखांना टिपून ठेवलेली पानं दिसतात. जिओसिटीज बंद होताना आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी जे मिळेल ते उतरवून ठेवलं होतं, त्यातही आमची काही पानं सापडली. व्हिएन्नातलं आमचं पहिलं पान, वर काकांनी काढलेलं तानपुऱ्याचं रेखाचित्र, खाली पाडव्याच्या शुभेच्छा. मी मावसभावाला फोन केला आणि दोघं काही वेळ काहीच बोललो नाही.

पण पान दिसणं आणि वाचता येणं यात अंतर होतं. पडद्यावर आमचा लेख असा दिसत होता की जणू कोणीतरी रोमन अक्षरं आणि चिन्हं मूठभर उधळली आहेत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची ठरलेली जागा देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर कचरा. आमचा फॉन्ट एका सीडीत सापडला. तरी तो लावून वाचणं हा उपाय नव्हता, कारण शोध घेणाऱ्याला 'जवारी' असं टाइप करून ते पान मिळायला हवं. म्हणजे सगळं युनिकोडमध्ये आणायचं.

मी पंचवीस वर्षं डीटीपी केलं आहे, तरी हे काम इतकं चिवट असेल असं वाटलं नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवली जातात. ऱ्हस्व वेलांटी आधी, मग व्यंजन. रफार सगळ्यांत शेवटी, अक्षराच्या डोक्यावर. युनिकोड मात्र उच्चाराचा क्रम पाळतं. त्यामुळे नुसती आकाराला आकार अशी अदलाबदल केली की दुर्गाचा 'दुगार्' होतो आणि पूर्वीचा 'पूवीर्'. संगीताच्या मासिकात याचा त्रास सगळ्यांत जास्त, कारण पानोपानी गंधर्व. बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व, सगळे 'गंधवर्' होऊन बसले होते. भाच्यानं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये रफार मागे सरकवताना तो मधल्या काना-वेलांटीसकट पूर्ण अक्षराच्या आधी न्यायचा, हा नियम बसवायला तीन आठवडे लागले. जोडाक्षरांवरचा रफार, 'वर्ज्य'मधला, त्याहून जास्त दिवस. मी रोज रात्री एक लेख वाचून चुका लाल शाईनं वहीत उतरवायचे आणि तो रविवारी येऊन नियम दुरुस्त करायचा.

आणखी एक गोष्ट, जी आधी कळली असती तर दोन महिने वाचले असते. मी सुरुवातीला ब्राउझरमधून मजकूर निवडून उतरवत होते. त्यात काही अक्षरांच्या जागी चौकोन येत होते आणि ते कशानंच भरत नव्हते. जुन्या विंडोजच्या अक्षरसंचात पाच जागा रिकाम्या सोडलेल्या आहेत. आमच्या फॉन्टनं त्या जागांवरही आकार बसवले होते, 'श्र' त्यांतलाच. ब्राउझरला ती जागा रिकामी वाटते, म्हणून तिथलं अक्षर नीट उतरत नाही. श्रोते, श्रुती, राग श्री, सगळे चौकोन. वेबॅक मशीनच्या पत्त्यात तारखेच्या आकड्यांपुढे 'आयडी' आणि अधोरेषा एवढं जोडलं की मूळ फाइल जशीच्या तशी उतरते, वरची पट्टी नाही आणि काही बदलही नाही. तशी उतरवल्यावर प्रत्येक श्र जागेवर होता. ज्यांना जुन्या मराठी फॉन्टची पानं वाचवायची आहेत त्यांनी हे आधी करावं.

ऑक्टोबरमध्ये अशी निम्मी पानं उतरवून झाली होती. ९ तारखेला इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला झाला. तीन कोटींहून जास्त खात्यांची माहिती चोरीला गेली आणि संपूर्ण संकेतस्थळ बंद पडलं. दसरा १२ तारखेला होता. दरवर्षीप्रमाणे पाटीवर सरस्वती काढली, पुस्तकं मांडली, काकांची एक वही त्यांच्या घरून मागून आणली होती ती ठेवली. पण मन थाऱ्यावर नव्हतं. आमची उरलेली पानं जगात त्या एकाच जागी होती आणि ती जागा दिसत नव्हती. दसऱ्यानंतर एक-दोन दिवसांत ते वाचण्यापुरतं पुन्हा उघडलं. त्या आठवड्यात मी कामावर रजा टाकली आणि यादीतलं जे जे मिळालं ते उतरवून तीन ठिकाणी ठेवलं.

मजकूर आला, चित्रं मात्र फारशी आली नाहीत. बंदिशींचं स्वरलेखन आम्ही चित्र म्हणून टाकायचो, कारण कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ, मंद्राचे आणि तारसप्तकाचे बिंदू हे तेव्हा अक्षरांत नीट बसत नसत. अशी ६० स्वरलेखनं होती, त्यातली सात मिळाली. तानपुऱ्याच्या लेखमालेची छायाचित्रं सगळी गेली. त्यांच्या ओळी राहिल्या: 'भोपळा कापण्यापूर्वी', 'तबली चढवताना', 'जवारी काढताना कान असा खाली'. पण लेखमालेचे चारही भाग आणि ती मुलाखत संपूर्ण मिळाली. मिरजेच्या मुलीला मी ती नोव्हेंबरमध्ये पाठवली. तिनं ती त्या गल्लीत नेऊन कारागिराच्या नातवाला वाचून दाखवली आणि त्यानं एक चूक काढली. आम्ही एका हत्याराचं नाव चुकीचं लिहिलं होतं. आता तिथे तळटीप आहे.

ध्वनीचं काय, असं बरेच जण विचारतात. रिअलऑडिओच्या काही छोट्या फिती आमच्याकडे होत्या, त्या कुठेच साठवल्या गेल्या नाहीत. मिळाल्या असत्या तरी मी त्या परत टाकल्या नसत्या. खासगी बैठकीत कोणीतरी मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं ते ध्वनिमुद्रण होतं. १९९४ च्या दुरुस्तीनं आपल्या कायद्यात कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आला आणि तो आता ५० वर्षं टिकतो. १९९९ मध्ये, उत्साहाच्या भरात, आम्ही हे लक्षातच घेतलं नाही. आज घ्यायला हवं.

लेखांचंही तसंच. मानधन न देता, करार न करता छापलेला लेख लेखकाचाच असतो, आणि त्याच्यानंतर ६० वर्षं त्याच्या वारसांचा. म्हणून सदतीस जणांना परवानगी मागायची होती. ईमेलचे पत्ते जवळजवळ सगळे मेलेले. मी पत्रं टाकली, गायनवर्गांत विचारलं, सवाईच्या मंडपात ओळखीचा चेहरा दिसला की थांबवलं. अकरा जण हयात नव्हते. त्यांच्या घरच्यांना शोधणं हे या सगळ्या दीड वर्षातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधानाचं काम. एका मुलाला ठाऊकच नव्हतं की त्याचे वडील लिहायचे. एका बाईंनी सांगितलं, आईचं लिहिलेलं नको परत आणायला. मी ते लेख काढून ठेवले. कारण विचारलं नाही. चौघांचा पत्ता लागलेला नाही आणि तोवर त्यांचे लेख बंद आहेत.

काकांच्या घरी मी सगळ्यांत शेवटी गेले. सदाशिव पेठेतला तो जिना तसाच होता. काकू गेल्या, आता त्यांच्या सूनबाई तिथे राहतात, माझ्याहून थोड्या मोठ्या. मी त्यांना वहिनी म्हणते. परवानगीचा कागद त्यांनी वाचलाही नाही, सही केली. मग म्हणाल्या, "बाबांनी प्रत्येक अंक छापून ठेवला होता. मला टाकवला नाही. तुला हवाय का?"

माळ्यावर कापडात बांधलेल्या पाच फायली होत्या. ज्या १७ अंकांचा कुठेच माग लागला नव्हता, त्यातले १४ त्यांत निघाले. काका सायबर कॅफेत जाऊन स्वतःचं मासिक स्वतःच्या पैशानं छापून घ्यायचे, हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. कागद पिवळे झाले होते, शाई तपकिरी, पण वाचता येत होतं. बहुतेक पानांच्या समासात त्यांनी पेन्सिलीनं नंतर आठवलेल्या गोष्टी लिहिल्या होत्या. 'इथे द्रुत नव्हे, मध्यलय.' 'तबल्याला धाकटे होते, थोरले नव्हेत.' म्हणजे आमच्याकडे आता मूळ अंकापेक्षा जास्त होतं. मी वहिनींच्या पाया पडले. त्या संकोचल्या, म्हणाल्या, "चहा टाकते."

या पानांत एकच अडचण होती. तेव्हा आम्ही मजकूर रुंद तक्त्यात बसवायचो आणि छापताना उजवीकडची कड कागदाबाहेर जायची. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द अर्धा. वाक्याच्या ओघात नव्वद टक्के शब्द लागतात, 'तबल्या' दिसलं की 'वर' कळतं. रागाचं आणि माणसाचं नाव मात्र अंदाजानं भरायचं नाही, हे मी ठरवलं होतं. नोंद म्हणून कोणी उद्या याचा आधार घेईल आणि माझा अंदाज तिथे खरी घटना म्हणून बसेल. म्हणून मी काकांच्या वह्या मागून आणून ताडून पाहिल्या. त्यातून बरंच भरलं गेलं. वही मिळाली नाही त्या वर्षांसाठी साथीदारांना फोन केले. गाणारे गेले असले तरी पेटीवाले, तबलावाले कधी कधी असतात, आणि त्यांच्या लक्षात असतं.

२००४ च्या डिसेंबरमधली कोल्हापूरची एक बैठक त्यातलीच. दुपारी चारला सुरू झालेली, साधारण तीस माणसं. आधी भीमपलासी, काकांनी त्यावर पाऊण पान लिहिलं आहे. मग ओळ अशी: 'मध्यंतरानंतर दिवेलागणीला जैत'. आणि कागद संपला. पुढचं वाक्य दुसऱ्या ओळीवर बंदिशीच्या लयीबद्दल आहे, त्यातून काही कळत नाही. नुसता जैत असू शकतो, जैतश्री असू शकतो, जैतकल्याणही. तिन्ही संध्याकाळचे. त्या वर्षाची वही सापडलेली नाही. गायिका २०१६ मध्ये गेल्या.

पेटीला जे होते ते आता ८२ वर्षांचे आहेत, इचलकरंजीला मुलाकडे असतात. फोन मुलानं उचलला, मग त्यांच्या हातात दिला. ऐकू कमी येतं म्हणून मी मोठ्यानं तारीख सांगितली, घर सांगितलं, भीमपलासी सांगितला. "हो हो, अंगणात चाफा होता ते घर," ते म्हणाले. मी विचारलं, "आबा, त्यानंतर जैत की जैतश्री?" ते काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मुलाला काहीतरी सांगितलं, आणि भाता सुटल्याचा आवाज आला. त्यांनी फोन पेटीवर ठेवला होता.

षड्ज, गंधार, मग सावकाश तीव्र मध्यम आणि पंचम. मध्यम आला तेव्हाच नुसता जैत आणि जैतकल्याण दोन्ही बाजूला झाले. ते थांबले नाहीत. कोमल धैवतावरून खाली येऊन त्यांनी मुखडा दोनदा वाजवला, दुसऱ्यांदा समेवर येताना किंचित रेंगाळून, बहुधा बाई जशा यायच्या तसं.

"लागला का?" त्यांनी विचारलं.

"लागला, आबा," मी म्हणाले आणि पेन्सिल घेऊन काकांच्या पानाच्या तुटलेल्या कडेला 'श्री' लिहिलं.